नानांच्या अंगातलं माझं रक्त

आता काय सांगू तुम्हाला! लोकांची लग्नं हुंड्यावरून मोडतात, पत्रिकेवरून मोडतात. माझं मी स्वतः मोडलं, तेही बाही वर करून, मूठ घट्ट आवळून. चहा घ्या, सांगतो.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. मी धरणगावचा, शिकायला धुळ्यात, देवपूरच्या वसतिगृहात. साक्रीकडच्या नानांच्या कमलशी माझी सोयरीक जवळजवळ ठरली होती. राहिला होता फक्त साखरपुडा. मी तर तासाला बसल्या बसल्या मुलांची नावं काढत होतो.

तेवढ्यात नाना बैलगाडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, रक्त लागणार म्हणाले. झालं! सोबत आलेले भाऊबंद एकेक करत पांगले. कोणाची गाय व्यायला झाली, कोणाचा कापूस वेचायचा राहिला. रक्त दिलं की माणूस पुन्हा औत धरू शकत नाही, असं तेव्हा सगळे मानायचे. शेवटी डॉक्टर आमच्या कॉलेजात आले आणि विद्यार्थ्यांनी पुढे यावं म्हणाले.

वर्गात कोणी मान वर करीना. मी मात्र ताडकन उभा राहिलो. सासरा वाचवायची संधी कोणाला मिळते हो? धीर द्यायला खोलीतल्या मधूलाही ओढत नेलं. तो आमच्याच समाजातला, अंगानं पहिलवान. पण सुई पाहिली आणि गड्याला आठवलं की गुरांना चारा टाकायचा राहिलाय. वसतिगृहात कसली गुरं?

माझं रक्त नानांना जुळलं. बाटली भरली तशी माझी छाती फुगली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ज्याला रक्त दिलं त्याला सांगत बसू नका, माणूस उगाच दबतो. पण मी कसला ऐकतो! नाना उठून बसायला लागले तसा मी मधूला घेऊन रोज त्यांच्या खाटेपाशी जायला लागलो, आणि एके दिवशी हळूच सांगून टाकलं.

नानांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी माझा हात छातीशी धरला. आता साखरपुड्याची तारीख सांगणार, असं मला वाटलं.

“तुनं रगत मना आंगमा शे,” नाना म्हणाले. “आते तू मना पोऱ्या. कमलना भाऊ.”

मी हबकलोच!

“आणि नाना, लग्नाचं?”

“भाऊबहीणनं लगीन कोठे व्हस का?”

मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी बिचाऱ्यांनी समजावलं की शरीरात रक्त नवं होत राहतं, दिलेलं काही महिन्यांत संपूनही जातं. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“रगत जाई,” ते म्हणाले, “नातं कसं जाई?”

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. घरी कळवलं, तर वडिलांनी, आमच्या आबांनीही नानांचीच बाजू घेतली! रक्ताच्या नात्यात लग्न करून गावात तोंड कसं दाखवणार, म्हणे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण नानांची नजर मधूवर गेली. त्यांनी मला जवळ बोलावलं, कमलचा भाऊ म्हणून सल्ला विचारायला.

“तो तुना दोस्त कसा शे? त्यानी तर रगत नही दिन्हं ना?”

“नाही,” मी म्हणालो. खरं तेच बोललो हो! दुसरं काय बोलणार? आणि सुईला पाहून पळालेला तो पहिलवान त्या एका शब्दावर नवरदेव झाला.

पुढच्या उन्हाळ्यात साक्रीकडे मांडव पडला. कमलनं मला ‘दादा’ म्हणून वाकून नमस्कार केला, तो कसा झेलला ते माझं मला माहीत. मग नवरीच्या भावाला कान पिळायला बोलावलं. मी नवा फेटा बांधून पुढे गेलो, मधूचा कान धरला आणि मनातलं सगळं त्या दोन बोटांत आणलं. पहिलवान कळवळला. नाना काठी टेकत लगबगीनं आले.

“हळू रे भाऊ,” ते म्हणाले, “रगत निंघी ना!”

माझं बाटलीभर निघालं, तेव्हा कोणी हळू म्हणालं नव्हतं.