आण्णांनी धुतलेलं पॅनेल

नम्रपणा मला कधी फारसा जमला नाही, आणि ही आठवण सांगताना तर मी तो आणणारही नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी लिहिलेला प्रोग्राम चालत होता, आणि त्याच फाउंड्रीत माझे वडील, आमचे आण्णा, भट्टीवर मजूर होते. अख्ख्या शिरोलीत अशी बाप-लेकीची जोडी दुसरी असेल तर दाखवा मला.

पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर मी शाहूपुरीत माडीवरची एक खोली घेतली होती. एक टेबल, एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणि एक सोल्डरिंग गन, एवढाच पसारा. काम मात्र नव्हतं. मग आण्णांनीच मालकांच्या मागे वर्षभर भुणभुण लावली. "माझी पोरगी करती की. एकदा बघा तरी." मालक शेवटी कंटाळून हो म्हणाले, असं माझं मत आहे. आण्णांच्या मते त्यांना पटलं होतं.

काम असं होतं. ओतलेले लोखंडी भाग पुन्हा भट्टीत तापवून सावकाश थंड करावे लागत. भट्टीचं तापमान एक कामगार दर अर्ध्या तासाने वहीत लिहायचा. म्हणजे लिहायला हवं होतं. प्रत्यक्षात पाळी संपता संपता चहा पिता पिता सगळे आकडे एकदम भरले जात, हे आण्णांनीच मला सांगितलं होतं. परदेशी माल घेणाऱ्यांना खऱ्या नोंदी हव्या होत्या. मी केलेलं पॅनेल दर दहा मिनिटांनी तापमान मोजून करंगळीच्या नखाएवढ्या चिपमध्ये लिहून ठेवायचं. वीज गेली तर खाली बॅटरी होती. मधूनमधून मी जाऊन त्या नोंदी कागदावर छापून द्यायची. फाउंड्रीत आण्णांना सगळे मामा म्हणत, म्हणून पॅनेलला 'मामांच्या पोरीचं मशीन' म्हणायचे, आणि आण्णा ते ऐकायला मुद्दाम तिथून फेऱ्या मारायचे.

त्या वर्षी खंडेनवमी आली. या दिवशी एमआयडीसीत एकही मशीन चालत नाही. सगळी यंत्रं बंद करून धुतात, पुसतात, मग हळदीकुंकू आणि झेंडूच्या माळा. आमच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात पूजा नाही. तेव्हा आण्णांनी कामगारांशी केव्हाच ठरवून टाकलं होतं, "कुंकू तुम्ही लावा, धुणं माझ्याकडं." कुणी त्यांच्यावर लादलं नव्हतं, मागून घेतलं होतं. ज्या यंत्रावर आपण वर्षभर जगतो त्याला एक दिवस हातानं साफ करावं, यात त्यांना देव लागत नव्हता.

त्या वर्षी त्यांनी सगळ्यात आधी माझं पॅनेल धुतलं. अगदी रीतसर. मेन स्विच पाडला, ओल्या फडक्यानं पत्रा पुसला, बॅटरीच्या तारा काढल्या, टर्मिनलांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं घासली, तारा पुन्हा आवळल्या. वीस वर्षांत त्यांनी प्रत्येक यंत्राचं असंच केलं होतं.

दसरा करून फाउंड्री उघडली आणि सुपरवायझरचा फोन आला. दीड महिन्याच्या सहा हजार नोंदी असायला हव्यात, पॅनेलवर आकडा दिसतोय अडीचशेचा. आणि परदेशी कंपनीचा तपासनीस पुढच्या आठवड्यात येणार.

मी गेले तेव्हा सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता. "मॅडम, तुमच्या मशीनचा काय दोष न्हाय. मामांनी बॅटरी काढली. तुम्ही तेवढं लिहून द्या, कामगाराच्या हाताळणीनं बिघाड. मी मामांचं बघतो." त्यांचं बघतो म्हणजे काय, ते मला कळत होतं. चार वर्षांवर निवृत्ती आलेल्या माणसाला गेटबाहेर काढणं. आणि लिहून दिलं नाही, तर माझं पॅनेल गेटबाहेर. मला दुसरी ऑर्डर नव्हती.

घरी आले तर आण्णा त्याच्याही पुढे गेलेले.

"माझंच नाव सांग बाळ," ते म्हणाले. "म्या काढली बॅटरी, तवा चूक माझीच की. माझं वय झालंय. तुझं आत्ता कुठं सुरू झालंय."

मला इतका राग आला की मी ताटावरून उठले. राग त्यांचा नव्हता. कोल्हापुरात मशीन विकायचं आणि खंडेनवमी विसरायची, हा गाढवपणा माझा होता. इथे जन्मले, इथे वाढले, आणि प्रोग्राम असा लिहिला की जणू वर्षातून एकदा यंत्रं धुणारी माणसं या जगात नाहीतच. माडीवर तपासताना मी एकदाही तार ओढून बघितली नव्हती.

दोष सापडायला मला एक सकाळ पुरली. किती नोंदी झाल्या हा आकडा मी चिपमध्ये एकाच जागी ठेवत होते, आणि दर वेळी जुना पुसून त्यावरच नवा लिहीत होते. मशीन सुरू झालं की पहिलं कामही तेच. तार आवळताना वीज क्षणात दहादा आली-गेली, मशीन दहादा सुरू झालं, आणि एकदा कधीतरी आकडा पुसून झाला पण लिहायचा राहिला. मग प्रोग्रामला वाटलं, आपण रिकामे. तो पहिल्यापासून लिहू लागला.

म्हणजे नोंदी गेल्या नव्हत्या, फक्त मोजदाद गेली होती. मी चिप काढून सगळ्या नोंदी वाचून काढल्या. सुरुवातीचे दोन दिवस मात्र थंड भट्टीच्या आकड्यांखाली कायमचे गाडले गेले होते.

कागदांचा गठ्ठा घेऊन मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. "दोन दिवस गेले, बाकी सगळं इथं आहे. बॅटरी काढल्यानं जे मशीन हिशेब विसरतं, ते मशीनच चुकीचं. चूक माझ्या प्रोग्रामची आहे. आण्णांनी त्यांचं काम बरोबर केलं." मालकांनी कागद चाळले, तपासनिसाला दाखवायला ठेवून घेतले आणि मशीन सुधारायला मला आठ दिवस दिले. नाही जमलं तर पॅनेल घेऊन जा म्हणाले.

मी आकड्याला दोन जागा दिल्या. जुना आकडा शाबूत ठेवून नवा दुसऱ्या जागी लिहायचा, शेवटी त्याची खूण करायची, पुढच्या वेळी जागा बदलायची. सुरू होताना दोन्ही बघायचे आणि ज्याची खूण पुरी तोच खरा धरायचा. जुनी विहीर बुजवण्याआधी नवीला पाणी लागलंय का बघायचं, इतकं साधं. पुढे दोन हजारनंतर मी मोठमोठ्या डेटाबेसवर काम केलं, तर त्यांच्या पोटातही हाच विचार निघाला. आता तर मोठ्या कंपन्या आपली चालती यंत्रं मुद्दाम बंद पाडून बघतात, ती सावरतात का म्हणून. त्यावर परिषदा भरतात, भाषणं होतात. अशा भाषणांना मी मागच्या रांगेत बसते आणि मनातल्या मनात म्हणते, आमच्याकडे हे काम आण्णा करायचे.

कारण आठव्या दिवशी मी पॅनेल बसवलं आणि तारेला हात लावायला आण्णांनाच बोलावलं. मालक, सुपरवायझर, भट्टीवरची सगळी पाळी भोवती उभी. आण्णा पुढे येईनात.

"नको गं," ते हळूच म्हणाले. "पुन्यांदा न्हाय."

"आण्णा, काढा," मी म्हणाले. "कशीही काढा."

त्यांनी हात पँटला पुसले. तार काढली, लावली. पॅनेल उजळलं, आकडा तोच. पुन्हा काढली. आकडा तोच. मग हळूहळू त्यांचा हात सुटला. अर्धवट टेकवून बघितली, टर्मिनलवर घासून ठिणग्या पाडल्या, वरून मेन स्विच खालीवर केला. मी मोजत होते, पण तिसाच्या पुढे मला डोळ्यांपुढचं नीट दिसेना. आकडा हलला नाही एवढं मात्र सगळे ओरडून सांगत होते.

"बास की मामा," शेवटी सुपरवायझर म्हणाला. "पटलं आम्हाला. तुमची चूक नव्हती."

आण्णांनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"तुम्हाला पटलं व्हय," ते म्हणाले. "माझ्या पोरीचं मशीन हाय. मला पटू दे की अजून." आणि त्यांनी पुन्हा तार ओढली.