डावी बाजू राहून गेली

मी सोनोग्राफी करते. परक्या माणसाच्या अंगाला हात लावताना मी कधी अडखळले नाही. अडखळले ती घरच्याच माणसापाशी.

आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेते, खाटेवर बसत नाही. दवाखान्यात मी डॉक्टर, सिंदेवाहीच्या घरी मी सून. या दोन्हींची मी कधी सरमिसळ होऊ दिली नाही, याचा मला उगाच अभिमान होता.

त्या वर्षी धान निसवून लोंब्या बाहेर पडत असताना मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, दम लागू लागला. रानडुकरं हाकलायला ते शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून हाळी द्यायचे, ती पलीकडच्या धानाच्या बांधीपर्यंत पोचेना. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. मला शंका आली. फुप्फुसांखाली श्वासाचा पडदा असतो, तो स्नायूचाच. म्हातारपणी तो थकतो, आणि सोनोग्राफीत ते दिसतं. एका रविवारी, दवाखान्यात कुणी नसताना, मी त्यांना घेऊन गेले.

"बाई, हे मशीन तं पोटुशा बायांचं आहे. मले कायले?" ते हसले.

पण बनियान काढा म्हटल्यावर हसू मावळलं. उशांना टेकून अर्धवट आडवं होत त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बनियान उजवीकडून चार बोटं वर केली. मी पदर सावरत मशीनचा प्रोब फासळ्यांखाली टेकवला. उजवीकडे यकृतातून पडदा स्वच्छ दिसतो. छान हलत होता.

डावीकडे पोटातला गॅस आड येतो. तिथे बनियान पूर्ण काढून, फासळ्यांच्या मधून शोधत बसावं लागतं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. दुसरा कुणी म्हातारा असता तर "काढा बाबा, लाजता काय" म्हणून मी मोकळी झाले असते. इथे मी प्रोब उचलून पुसायला घेतला. ओळखीच्या पुरुष डॉक्टरला बोलावता आलं असतं. सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. पण घरची लाज बाहेर कशाला, म्हणून बोलावलं नाही. शिकलेली म्हणे मी!

"झालं मामाजी. काही नाही."

पुढे नवरा नागपूरला चला म्हणाला की ते त्याला उडवून लावायचे. "माह्या सुनेनं मशीननं पाह्यलं. काही नाई म्हणे. तुले तिच्यापेक्षा जास्त समजते काय?" मी आतून भाजी चिरता चिरता ऐकायची, आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं.

थंडीत छातीत कफ भरला तेव्हा नागपूरला न्यावंच लागलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं सरळ बनियान काढली आणि दोन्ही बाजू पाहिल्या. डावा पडदा पातळ झाला होता, जवळजवळ हलतच नव्हता. आधी कळलं असतं तर श्वासाचे व्यायाम देता आले असते, कफ साठू दिला नसता, असं तो म्हणाला. "आधी कुणाला दाखवलं नव्हतं?"

"दाखवलं... सून डॉक्टर आहे... माही." मामाजींनी माझ्याकडे बोट केलं. त्याही अवस्थेत कौतुकानं.

डॉक्टर माझ्याकडे वळला. "डावी बाजू पाहिली नव्हती का?"

मी तोंड उघडायच्या आत मामाजी म्हणाले, "मीच... बनियान... काढली नाई."

आठव्या दिवशी ते गेले. माझा दोष त्यांनी स्वतःवर घेतला, आणि मी तो घेऊ दिला. "नाही मामाजी, चूक माझी," एवढंही मी म्हणाले नाही.