ऐकलेली हाक

धम्मशीला मेश्राम ही विसंबावं अशी बाई, याबद्दल लंडनकडच्या, वॉटफर्डपासून एजवेअरपर्यंतच्या मराठी घरांत कुणाचं दुमत नव्हतं. कुणी सुट्टीला नागपूरला निघालं की घराची किल्ली तिच्याकडे. कुणाची आई पहिल्यांदा हीथ्रोला उतरणार असली की आणायला शीला. ऑफिसात सिस्टिम कोलमडली की फोन शीलाला. नागपूरच्या इंदोऱ्यात चार भावंडांत ती थोरली होती. धाकट्यांची बोटं धरून चालायची सवय लहानपणीच लागली आणि पस्तिशी आली तरी सुटली नाही. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल तिला खंत नव्हती, निदान ती तसं म्हणायची.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, ब्रिटनभर खूप वर्षांनी भरघोस बर्फ पडला. अजयने लगेच टूम काढली. अजय आणि त्याची बायको नीना दोघंही डोंगरवेडी. "मिल्टन कीन्सच्या इनडोअर स्की स्लोपवर किती दिवस घसरायचं? स्कॉटलंडला जाऊ. एव्हीमोरच्या पुढे एक डोंगर आहे. लिफ्ट नाही, गर्दी नाही. चालत चढायचं आणि स्कीवरून उतरायचं."

शीला तयार झाली आणि तिने मीनललाही ओढलं. मीनल तिची जुनी मैत्रीण. एजवेअरला दोघींनी एका खोलीत तीन हिवाळे काढले होते. मीनलला स्कीवर धड वळताही येत नव्हतं. "मी कशाला गं? मी खाली गाडीत बसते, थर्मासातला चहा सांभाळते," ती म्हणाली. "काही नाही, मी आहे ना तुझ्याबरोबर," शीला म्हणाली, आणि विषय संपला. शीला बरोबर आहे म्हटल्यावर विषय संपायचेच.

चढताना मजा आली. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवलेल्या, त्यामुळे पाय मागे घसरत नव्हते. पाइनचं रान मागे पडलं, मग सगळं पांढरं. माथ्यावर ऊन होतं. दगडांच्या आडोशाला बसून चौघांनी नीनाने आणलेले पराठे खाल्ले, फोटो काढले. मग पश्चिमेकडून ढग येताना दिसला आणि अजय घाई करायला लागला. "मी आणि नीना पुढे होतो, गाडीपाशी वाट बघतो. शीला, मीनल तुझ्याकडे. रानाच्या कडेला कुंपणाचं फाटक आहे, तिथून सरळ खाली कार पार्क."

"जा तुम्ही," शीला म्हणाली.

उतरताना मीनल पन्नास पावलं गेली की पडायची. पडली की हसायची, मग हसणं थांबलं आणि रडकुंडीला आली. दर वेळी शीला थांबायची, स्की आडव्या रोवत परत वर चढायची, तिला उठवायची, तिच्या पाठीवरचा बर्फ झटकायची. असं किती वेळा झालं कोण जाणे. शीलाच्या मांड्या भरून आल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर तिला राग आला होता. खाली लांबच लांब उतार पसरला होता, कुणाच्या स्कीची एक रेघसुद्धा न उमटलेला.

"तू सावकाश ये, मी त्या खडकापाशी थांबते," असं सांगून ती निघाली. पहिलं वळण जमलं. दुसरं जमलं. अंग आपोआप झुकत होतं, वारा कानात घुमत होता, आणि आपण एवढ्या चांगल्या आहोत हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ती खडकापाशी आली आणि तेवढ्यात मागून हाक आली.

"शीला, थांब गं! पाय..."

पुढचं वाऱ्याने नेलं. शीलाने वळून पाहिलं. वर, ढगाच्या कडेला, मीनलचं लाल जॅकेट बर्फात बसलेलं दिसलं. तिने हात वर केला होता. पुन्हा पडली, शीलाच्या मनात आलं. उठेल. प्रत्येक वेळी मीच का? आणि तिने स्कीची टोकं उताराकडे वळवली.

फाटकापाशी पोचली तेव्हा ती एकटीच हसत होती. खिशातलं चॉकलेट काढून तिने अख्खं खाल्लं. मग वर पाहिलं तर डोंगर नव्हताच. ढग निम्म्यावर उतरला होता. ती थांबली. हाका मारल्या. आणखी थांबली. वरून कुणी येईना.

स्की तिथेच टाकून ती पायी चढायला लागली. गुडघाभर बर्फ, समोर हातभर दिसेना. "मीनल! मीनल!" ओरडून घसा बसला. मीनल सापडली ती हाक मारली होती त्याच जागी, उजवा पाय विचित्र वळलेला, बूट अजून स्कीला अडकलेला. ओठ निळे पडले होते. तिने एकदा शीलाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. शीलाने स्वतःचं जॅकेट काढून तिला गुंडाळलं, मांडीवर घेतलं, फोन लागेना तेव्हा चढून-उतरून रेंज शोधली आणि अजयला कळवलं. डोंगरावरून माणसं उतरवणारं स्वयंसेवकांचं पथक स्ट्रेचर घेऊन आलं तोवर संधिप्रकाश विझत आला होता.

पथकाचा प्रमुख पिकल्या दाढीचा, मऊ बोलणारा माणूस होता. त्याने शीलाच्या खांद्यावर ब्लँकेट टाकून विचारलं, "पडल्यावर तिने हाक मारली नव्हती का?"

"वारा फार होता," शीला म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही."

एवढंच. एक वाक्य. पण मग ते वाक्य तिच्या हातात राहिलं नाही.

इन्व्हर्नेसच्या इस्पितळात मीनलच्या पायात सळई घातली. पाय जुळेल, डॉक्टर म्हणाले, पण घट्ट बुटात इतका वेळ थंडीत राहिल्याने बोटांतली जाणीव परत येईलच असं नाही. अजयने सगळ्या मित्रमंडळींना लांबलचक ईमेल पाठवली : शीला ढगात एकटी परत चढली, स्वतःचं जॅकेट काढून दिलं, ती नसती तर काय झालं असतं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. नागपूरहून मीनलच्या आईचा, यमुनाबाईंचा, फोन आला. त्या नुसत्या रडत होत्या. "पोरी, माझं लेकरू तुझ्या पदरात होतं म्हणून वाचलं."

शीला रोज ऑफिस सुटल्यावर मीनलकडे जायला लागली. भाजी आणायची, पोळ्या करायची, फरशी पुसायची. मीनल फारसं बोलायची नाही. दुखत असेल, शीलाला वाटायचं. पुष्कळदा खरं काय ते जिभेवर आलं, पण मीनल टीव्हीचा आवाज वाढवायची आणि शीला भांडी घासायला उठायची.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता. हॉल भाड्याने घेतलेला, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या. हरिदासकाका दर वर्षी सगळं जमवून आणत. या वर्षी त्यांनी शीलाचा सत्कार ठरवला होता आणि तिला तो आदल्या दिवशी सांगितला. "काका, नको," ती म्हणाली. "अगं, आपल्या मुलींना दिसू दे," ते म्हणाले.

सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. चौथ्या शीलापाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणतात तिथे, शीलाचे ओठ हलले पण आवाज निघाला नाही. आईने आपलं नाव धम्मशीला का ठेवलं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मग तिचं नाव पुकारलं गेलं. खांद्यावर शाल आली, हातात फुलं आली, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून मीनल बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, सावकाश.

कार्यक्रमानंतर शीला तिला गाडीत बसवत होती. कार पार्कमध्ये पोरं फुगे घेऊन पळत होती. शीला दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मीनल, त्या दिवशी मी तुझी हाक ऐकली होती."

"माहीत आहे."

"काय?"

"तू वळून बघितलंस. मी हात वर केला होता. मग तू गेलीस." मीनल समोर काचेकडे बघत होती. "त्या माणसाला तू सांगितलंस ना, ऐकू आलं नाही म्हणून, तेव्हा मी स्ट्रेचरवर होते. बेशुद्ध नव्हते."

शीला दारातून आत वाकली. "मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. रोज येत होतीस, रोज वाटायचं आज बोलेल. पोळ्या करून जायचीस." मीनलचा आवाज चढला. "आज शाल घेतलीस तेव्हा वाटलं, आता नाहीच."

"माझं चुकलं गं."

"चुकलंच. पडले ते माझं मी पडले. तू थकली होतीस तेही कळतं. पण तिथे बसून मी जे ढगाकडे बघत होते ना..." तिने वाक्य सोडून दिलं. "राग आहे मला. जाईल तेव्हा जाईल. आता सीट मागे घे, पाय मावत नाही."

त्या आठवड्यात शीलाने अजय-नीनाला सांगितलं. अजय म्हणाला, "कशाला उकरून काढतेस?" नीनाने पुढचे काही महिने शीलाला जेवायला बोलावलं नाही. शाल शीलाने हरिदासकाकांना परत नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, चष्मा पुसला, आणि चहा टाकला.

जूनमध्ये यमुनाबाई लेकीकडे आल्या. त्यांनाही सांगायचं असं शीलाने ठरवून टाकलं होतं. मीनलने तिला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं.

"आईला नाही सांगायचं."

"पण त्या मला देव्हाऱ्यात बसवतात गं. मला सहन होत नाही."

"मग नको होऊ दे. तिला सांगून तुझं मन हलकं होईल आणि तिचं जड. तिने का वाहायचं ते?"

शीला जेवायला बसली. यमुनाबाईंनी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा केला होता, नागपूरहून आणलेल्या तिखटाचा. वर तेलाची तर्री लालभडक. त्यांनी आधी शीलाच्या ताटात वाढलं, मग लेकीच्या. शीलाच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"खाय ना वं पोरी, अशी काहून बसली?"

मीनल मान खाली घालून भात कालवत होती. शीलाने घास उचलला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचंच आहे असं यमुनाबाईंना वाटलं, म्हणून त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.