बरं वाटलं की बंद

डावा तळहात पुढे धरायचा, उजव्या अंगठ्याने त्यावर तंबाखू चोळायची, दोन थापा मारून चुरा झाडायचा, चिमूट तोंडात टाकायची, वर पेलाभर पाणी प्यायचं आणि समोर जो कोणी बसला असेल त्याला म्हणायचं, "बरं वाटतंय ना? मंग बंद कर." टोकावड्याला, माळशेजच्या रस्त्यावर आमची चहा-भाकरीची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर हा सोहळा मी दहा-बारा वर्षं रोज दोनदा पाहिला, सकाळच्या चहाला एकदा आणि संध्याकाळच्या चहाला एकदा.

हा सोहळा करणाऱ्याला सगळे मामा म्हणत. मी कधी म्हटलं नाही. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता आणि मी ते लपवतही नव्हते. मुरबाडच्या एका कंपनीत तो पूर्वी वॉचमन होता. तिथला खाकी शर्ट अजून अंगात असायचा, खिशावर बिल्ल्याची जागा तेवढी गडद राहिलेली. 'रिटायर झालो' म्हणायचा. नोकरी सुटून तेव्हाच दहा-बारा वर्षं झाली होती. चाळिशीत कोण रिटायर होतं, हे मी त्याला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तो आणखी बोलला असता.

असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. शिकलेला नववीपर्यंत, आणि आत्मविश्वास मात्र मोठ्या डॉक्टरचा. बीपीची गोळी घेणाऱ्याला विचारायचा, आता चक्कर येते का? नाही ना? मग बंद कर. टीबीच्या पेशंटला म्हणायचा, खोकला थांबला ना, मग सहा महिने कशाला? गोळी म्हणजे काठी, पाय बरा झाला की काठी कोपऱ्यात. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच्यापेक्षा राग मला ऐकणाऱ्यांचा यायचा. डॉक्टरने समजावून सांगितलेलं ही माणसं एस्टीत विसरून यायची आणि बाकड्यावरच्या वॉचमनचं बोलणं घरी जाऊन बायकोला सांगायची. डॉक्टर 'घ्या' म्हणतो आणि हा 'सोडा' म्हणतो. सोडायला सांगणारा माणूस सगळ्यांनाच जवळचा वाटतो.

त्याची एकच गोष्ट मला बरी वाटायची. एवढी तंबाखू खाऊन तो कधी थुंकत नसे. बाकीच्यांनी माझ्या टपरीची मागची भिंत रंगवून ठेवली होती. हा मात्र गिळून टाकायचा. आतडी पत्र्याची असतील, असं मी म्हणायचे आणि माझी धाकटी जाऊ हसायची.

ही जाऊ माझ्याबरोबर टपरीवर भाकऱ्या थापते. तिला फिट येतात. लग्न होऊन आली त्याच वर्षी चुलीवर पडली होती. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत अजून डाग आहे. मुरबाडच्या डॉक्टरने गोळी सुरू केली, सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन वर्षं एकही फिट आली नाही, तेव्हा कुठे डॉक्टरला विचारून मी तिला पुन्हा तव्यासमोर बसू दिलं. तिच्या एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला वड्यांची कढई. ती गोळी चुकली तर काय होईल हे मला दिवसातून दहादा डोळ्यांसमोर दिसायचं. तिला दिसायचं नाही, कारण तिला बरं वाटत होतं.

तिच्याआधी ह्याच्या तावडीत एक जीपवाला सापडला. घाटात प्रवासी नेणारा, आमच्याकडे चहाला थांबणारा. त्याचा आजार निराळा. कधी आठवडा-आठवडा झोप नाही, बोलणं थांबत नाही, अंगावरचा शर्टही देऊन टाकील. आणि कधी महिनाभर पांघरुणाबाहेर तोंड काढायचा नाही. कल्याणच्या डॉक्टरने बायपोलर सांगितलं. गोळ्यांनी माणूस सरळ झाला होता. एक दिवस त्याचं पाकीट आणि माझ्या जावेचं पाकीट बाकड्यावर शेजारी शेजारी पडलं, आणि ह्याने पाहिलं की गोळी एकच आहे. झालं, त्याची दिवाळीच झाली. हिला फिट, याला डोक्याचं, गोळी एकच. म्हणजे डॉक्टरलाच काही कळत नाही, असं तो आठवडाभर सांगत सुटला. जावेने डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, एकच विळा गवत कापतो आणि भातही कापतो, पण किती चालवायचा ते पीक बघून ठरतं. म्हणून एकाची गोळी दुसऱ्याने घ्यायची नाही, आणि आपल्या मनाने सोडायचीही नाही.

जीपवाल्याने सोडली. महिन्याच्या आत भरदुपारी जीप भरून निघाला आणि माळशेजला कोणालाही उतरू न देता, गात गात, घाट ओलांडून थेट आळेफाट्याला गेला. भावांनी धरून दवाखान्यात नेला. मी बाकड्यासमोर उभी राहून ह्याला जाब विचारला. त्याने तंबाखू चोळली, दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "त्याला बरं वाटलंच नव्हतं. मी बरं वाटलं तर म्हटलेलं." मी त्याचा चहा मातीत ओतून टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

मग नवरात्र आलं. दोन वर्षं फिट आली नाही म्हणून जावेने देवीचे नऊ दिवस उपवास धरले. गोळी घ्यायची की नाही, हे तिने मला विचारायला हवं होतं, डॉक्टरांना विचारायला हवं होतं. तिने बाकड्याला विचारलं. उपवासाला गोळी चालत नाही, असं बाकड्याने सांगितलं. नऊ दिवस बंद, दसऱ्याला चालू, मधलं देवी बघून घेईल. हे मला तेव्हा कळलं नाही. ती रोज दोन वेळा पाकिटातून गोळी काढताना दिसायची, म्हणून मी निश्चिंत होते. त्या गोळ्या ती घटाच्या मातीत खोचून देवीला वाहत होती. दसऱ्याला घट हलवला तेव्हा उगवलेल्या गव्हाच्या मुळांत त्या पांढऱ्या पडलेल्या सापडल्या.

सातव्या माळेला संध्याकाळी देवळात आरती चालली होती. ढोल वाजत होता. जाऊ पुढे होती, मी मागे प्रसादाचं ताट धरून. ती एकदम ताठ झाली आणि खाली कोसळली. हात-पाय झटकू लागली, तोंडाला फेस आला. आणि तुम्हाला सांगते, एकही माणूस मदतीला धावला नाही. सगळे पाया पडले. 'आली, आली' म्हणून बायकांनी तिच्या कपाळावर कुंकू फासलं. ढोलवाल्याने ढोल वाढवला. एकीने वाकून मुलाच्या नोकरीचं विचारलं. एकजण तिच्या दातांत लिंबू कोंबायला लागला. माझा दीर, तिचा सख्खा नवरा, हात जोडून उभा होता. मी ताट टाकून गर्दीत घुसले, पण माझ्याआधी कोणीतरी खांदे मारत पुढे गेलं.

बाकड्यावरचा तोच होता. त्याने लिंबू फटक्याने उडवलं. "देवी नाय, फिट हाय. ढोल बंद करा," असं एवढ्या जोरात म्हणाला की ढोल खरंच थांबला. डोक्यावरची टोपी काढून घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली. तिला कुशीवर वळवलं. हात धरायला आलेल्यांना मागे लोटलं, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, म्हणाला. आणि मग नुसता बसून राहिला, एक डोळा तिच्या श्वासावर आणि एक मनगटावरच्या घड्याळावर. झटके थांबल्यावर आपल्या उपरण्याने तिचं तोंड पुसलं. इतकं सगळं त्याला कुठून माहीत, हा विचार मला तेव्हा सुचला नाही.

ती नीट शुद्धीवर येईना, म्हणून मिळेल त्या गाडीत घालून मुरबाडला नेली. वाटेत दुसरी फिट आली. तो गाडीत होता. चढ म्हणून कोणी त्याला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का? दीर माझ्याकडे बघायला लागला. मी नाही म्हणणार, एवढ्यात हा पुढे झाला.

"मी बंद करायला सांगितली," तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. अचानक गोळी सोडली की फिट उलट जोराने येते, एकामागून एक येत राहिली तर माणूस जातो, उपवास असला तरी गोळी घ्यायचीच, असं बरंच बोलले.

जाऊ शुद्धीवर आली तेव्हा मी बाहेर बाकावर येऊन बसले. तो आधीच बसला होता. त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली. माझं डोकं फिरलं. इथे दवाखान्यातसुद्धा तंबाखू, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि डबीत पाहिलं. वर चिमूटभर चुरा, आणि खाली गोळ्यांच्या पाकिटाचे कात्रीने कापलेले तुकडे. माझी जाऊ घेते तीच गोळी.

"तंबाखू नाय खात मी," तो म्हणाला.

मग हळूहळू सांगितलं. कंपनीच्या गेटवर त्याला फिट आली, साहेबाच्या गाडीसमोर. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. गोळी सुरू झाल्यावर पुन्हा आली नाही, पण गोळी घेताना कोणी पाहिलं तर पुन्हा तेच होईल म्हणून ही डबी. चुरा सगळा झाडून टाकायचा, चिमटीत उरायची ती गोळी. "तंबाखू खाणाऱ्याला कोण कामावरून काढत नाय, बाय," म्हणाला. वीस-पंचवीस वर्षं त्याने एक गोळी चुकवली नव्हती. माझ्याच टपरीवर, माझ्याच पेल्यातल्या पाण्याबरोबर, रोज दोन वेळा.

मी विचारलं, मग लोकांना बंद कर, बंद कर, कशाला सांगत होतात?

त्याने डबीतला एक तुकडा काढून हातात घेतला. मग म्हणाला, "सांगताना वाटायचं, मी बी बरा झालोय."

मला त्याची इतकी किळस कधी आली नव्हती. अडाण्याला माफ करता येतं, हा तर जाणता होता. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, त्याला तो पाकिटाचा तुकडा फोडता येईना, म्हणून तो मी फोडून दिला आणि पाणी आणून दिलं.

दसऱ्यानंतर तो बाकड्यावर येऊन बसला, अख्खं पाकीट खिशातून काढलं आणि सगळ्यांदेखत गोळी घेतली. डबी जावेच्या हातात दिली. आता मला लागत नाही, म्हणाला. आणि जो येईल त्याला सांगायला लागला, डॉक्टरला विचारल्याबिगर गोळी बंद करू नका. जीपवाल्याच्या घरी जाऊन त्याच्या भावांनाही सांगून आला.

आता ऐका आमच्या लोकांची अक्कल. दहा वर्षं तो चुकीचं सांगत होता तेव्हा मामा, मामा करत बाकडं भरायचं. बरोबर सांगायला लागला तेव्हा बाकडं रिकामं झालं. फेपरंवाल्याचं काय ऐकायचं, असं म्हणायला लागले. एका शहाण्याने मला त्याचा पेला वेगळा ठेवायला सांगितलं. मी त्या शहाण्याला समोरच्या धाब्यावर जाऊन चहा प्यायला सांगितलं. ह्याने ते ऐकलं असणार. त्याने चहा संपवला आणि स्वतःचा पेला स्वतः धुऊन ठेवला. मी तो बाकीच्या पेल्यांत मिसळून टाकला.

उन्हाळ्यात तो किन्हवलीला मुलीकडे गेला, नातीची सोयरीक जमत होती म्हणून. परत आला नाही. नंतर मुलगी त्याचं इथलं घर आवरायला आली, तेव्हा टपरीवर बसून रडली आणि तिने सांगितलं. पाहुणे चार दिवस राहायला होते. मुलीच्या सासूने त्याला बजावलं होतं, पाहुण्यांसमोर गोळ्याबिळ्या काढू नका, पोरीला खोट लागेल. तंबाखू चालली असती. पण डबी त्याच्याकडे नव्हती, म्हणून गोळ्या पिशवीतच राहिल्या. चौथ्या दिवशी सकाळी बंधाऱ्यावर अंघोळीला गेला आणि पाण्यातच राहिला.

पाय घसरला, असं सगळीकडे सांगितलंय. सोयरीक जमली. पाय घसरण्यात खोट नसते.

डबी आमच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी आहे. मी म्हटलं, मुलीला देऊन टाकू. जावेने दिली नाही. ती गोळ्या त्यात ठेवत नाही. तिचं पाकीट पुढे असतं, गिऱ्हाइकांच्या पेल्यांपाशी. परवा बाकड्यावरच्या एकाने तिला गोळी घेताना पाहिलं आणि विचारलं, कसली गं? तिने सांगितलं, फिटची. तो म्हणाला, आता तर चांगली दिसतेस, बरं वाटतंय ना?

"घेते म्हणून वाटतंय," जाऊ म्हणाली, पाणी प्यायली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.