बाई पास करत नाहीत

खिडकीवाल्या बाईंनी आमच्या कंपनीतल्या पहिल्याच दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत, ‘वय’ या रकान्यात ‘साठीच्या आसपास’ असं लिहिलं आणि चार इंजिनिअरांचं तीन महिन्यांचं काम बंद पाडलं. पडद्यावर पांढरंफटक पान आलं. आम्ही चौघंही धावलो. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, “काय रे, लोकांना आपलं वय माहीत असतं असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही आपलं धरून चाललो होतो. अशा कितीतरी गोष्टी धरून चालायचा आम्हाला पगार मिळायचा.

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खालच्या मजल्यावर प्लास्टिकच्या बादल्या बनत आणि वर आम्ही वेबसाइट बनवत असू. नुसत्या बघायच्या नव्हेत, तर माणसाने काही भरलं की ते आत साठवणाऱ्या आणि मागितलं की शोधून दाखवणाऱ्या. खालचं गिऱ्हाईक बादली उलटी करून, टिचकी मारून बघायचं. आमच्या मालाला टिचकी मारणारं कोणी नव्हतं. आमचे मालक ‘मला नुसतं मकरंद म्हणा, इथे सगळे समान आहेत’ असं प्रत्येकाला पहिल्या दिवशी बजावत, म्हणून आम्ही त्यांना मकरंद सर म्हणायचो. एकदा ते वांद्र्याला कसल्याशा परिसंवादाला गेले आणि ‘वापरणारा माणूस केंद्रस्थानी हवा’ असं ऐकून आले. पुढच्या सोमवारी ऑफिसच्या बरोबर मध्यभागी एक टेबल आलं आणि टेबलामागे बाई आल्या.

बाई घाटकोपरला राहायच्या, आमच्या रिसेप्शनवरच्या स्नेहाच्या शेजारी. एका सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसून त्यांनी सगळी नोकरी काढली होती आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून त्यांना कंटाळा आला होता. मूळच्या मालवणकडच्या. त्यांना आम्ही पदनाम दिलं ‘युजर एक्स्पर्ट’, त्यांनी स्वतःला म्हणवून घेतलं ‘खिडकीवाली’. ऑफिसात बसायला मऊ मऊ पोती होती, नव्या कल्पना सुचाव्यात म्हणून. बाई त्यांच्यावर एकदाच बसल्या. उठवायला दोघं लागलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्नेहाकडून लाकडी खुर्ची मागवली आणि साडेपाचच्या ठोक्याला पर्स उचलून निघण्याची खिडकीवरची सवयही आपल्यासोबत आणली.

त्यांना आमचं काम समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी चाळीस स्लाइडी केल्या. फ्रंटएंड, बॅकएंड, डेटाबेस, मध्ये बाण, बाणांना रंग. सातव्या स्लाइडला बाई म्हणाल्या, “थांब. पुढे खिडकी, आत माणूस, मागे कपाट. खिडकीवर कागद येतो, आतला माणूस तो वाचतो आणि कपाटात लावतो. हेच ना?” मी म्हटलं, हेच. “मग तुझा आतला माणूस वाचत का नाही? जे येईल ते नेऊन कपाटात कोंबतो.” खरोखर तसंच होतं. सगळी तपासणी आम्ही पुढच्या पानावर ठेवली होती आणि सर्व्हरवर, म्हणजे आतल्या माणसाकडे, काहीच नव्हतं. बाईंच्या जुन्या फोनवर पुढची तपासणी चालली नाही, म्हणून ‘साठीच्या आसपास’ थेट कपाटापर्यंत पोचलं. उरलेल्या तेहतीस स्लाइडी मी दाखवल्या नाहीत.

बाई फॉर्म स्वतःसारखा भरत नसत. खिडकीवर आलेल्या माणसांसारखा भरत. कधी आडनाव नसलेली बाई होऊन यायच्या, कधी पत्त्यात ‘मारुतीच्या देवळामागे, कोणालाही विचारा’ लिहिणारा म्हातारा. एका रकान्यात दोन फोन नंबर घालून मध्ये ‘नाही लागला तर’ असं लिहायच्या. ओटीपी मागितला की सांगायच्या, “फोन पोराकडे आहे, पोरगा कामावर आहे.” आम्ही म्हणायचो, बाई, असं कोण करतं? त्या म्हणायच्या, “खिडकीवर बस एक दिवस.” आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: “माणूस चुकत नाही रे, रकाना चुकतो.” मकरंद सरांनी ते वाक्य इंग्रजीत करून भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं. त्याखाली बसून आम्ही आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवत राहिलो.

कारण आम्हाला त्याहून महत्त्वाची कामं होती. दर काही महिन्यांनी कोणीतरी नवं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा नवा सांगाडा, शोधून आणायचं, जुनं कसं टाकाऊ आहे यावर सभा व्हायची आणि तीच वेबसाइट आम्ही पहिल्यापासून लिहायला घ्यायचो. तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा बटणं गोल झाली आणि पान सरकताना किंचित उसळायला लागलं. मकरंद सर म्हणाले, झकास. बाईंनी बटणावर बोट ठेवलं, ते उसळताना शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, “रंग छान काढलात. नळ अजून गळतोय.”

त्यांची आणखी एक खोड होती. त्या काही पुसत नसत. त्यांच्या टेबलावर खोडरबर नव्हता आणि संगणकावरही चुकलेलं पुसताना त्यांचा जीव कासावीस व्हायचा. रुग्णालयाच्या रजिस्टरात म्हणे नियम होता, चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे आणि शेजारी आपली सही करायची. “गिरवून काळं केलं की समजायचं, कोणीतरी काहीतरी लपवतंय,” त्या म्हणायच्या. मी त्यांना सांगितलं की आमच्या डेटाबेसमध्ये एका ओळीत हवं ते बदलता येतं आणि मागमूसही राहत नाही. मला वाटलं होतं, त्यांना कौतुक वाटेल.

मग मुलुंडच्या एका धर्मादाय रुग्णालयाचं काम आलं. मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनचं शिबिर होतं आणि नोंदणी वेबसाइटवर करायची होती. जागा मोजक्या. रुग्णालयाचे डॉक्टर ऑफिसात आले तेव्हा मकरंद सरांनी त्यांना बाई दाखवल्या आणि सांगितलं, “आमच्याकडे बाईंनी पास केल्याशिवाय काही बाहेर जात नाही.” डॉक्टरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते करारात घालून घेतलं. तपासणीच्या तक्त्यात बाईंच्या नावापुढे ‘पास’ आलं, तरच साइट चालू करायची.

बाईंनी एकाच फोनवरून आधी नवऱ्याचं नाव नोंदवलं, मग बायकोचं. दोघांनाही ‘आपली नोंदणी झाली’ असा मेसेज आला. आतल्या यादीत मात्र फक्त बायको राहिली. आम्ही मोबाइल नंबर हीच माणसाची ओळख धरली होती. तोच नंबर पुन्हा आला की आमचा सर्व्हर समजायचा, जुनाच माणूस माहिती दुरुस्त करतोय, आणि पहिल्या नावावर दुसरं लिहायचा. बाईंनी तक्रार नोंदवली. मथळा दिला, ‘नवरा पुसला गेला’. आम्ही पोट धरून हसलो. मथळा छापून फ्रिजवर चिकटवला आणि तक्रारीखाली शेरा मारला: असंच अपेक्षित आहे, बंद.

बाईंनी ती पुन्हा उघडली. आम्ही पुन्हा बंद केली. असं तीनदा झाल्यावर त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“एका फोनवर एकच माणूस, हे कोणी ठरवलं?”

“आता सगळ्यांकडे फोन असतो ना, बाई.”

“तुझ्या वडिलांच्या गॅसचा मेसेज कोणाच्या फोनवर येतो?”

“माझ्या.”

“आणि आईचे रिपोर्ट?”

“माझ्याच.”

“मग दोघांतलं कोण पुसू, सांग.”

मी म्हटलं, हे बदलायला दोन दिवस लागतील आणि नोंदणी उद्या सकाळी उघडायची आहे. दोन आठवडे तो मथळा फ्रिजवर होता, हे मी बोललो नाही. बाई म्हणाल्या, “मेल्या, तुका काय कळता? म्हातारी माणसं येणार आहेत तिथं.” त्या चिडल्या की मालवणीत जायच्या. त्यांनी तक्त्यात आपल्या नावापुढे ‘नापास’ टाकलं आणि साडेपाचला पर्स उचलून निघून गेल्या.

सहाच्या सुमाराला मकरंद सर माझ्याजवळ आले. “यार, बाई पास करत नाहीत. तूच बघ ना काहीतरी,” एवढंच म्हणाले आणि लगेच फोनवर बोलत गच्चीकडे गेले. समानतेच्या वातावरणात आज्ञा अशाच येतात. बाईंचा पासवर्ड मीच तयार करून दिला होता. मी त्यांच्या नावाने आत शिरलो आणि ‘नापास’चं ‘पास’ केलं. एक क्लिक. उसळणारं गोल बटण माझंच होतं. मला त्या क्षणी वाईटसुद्धा वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं, आणि हेच मला आजही सगळ्यात जास्त टोचतं.

शनिवारी नोंदणी उघडली आणि दुपारच्या आत भरली. रविवारी शिबिर होतं. काही अडलं तर असावा म्हणून मी लॅपटॉप घेऊन मुलुंडला गेलो. दारावरची मुलगी यादीत नाव बघून लोकांना आत सोडत होती. थोड्याच वेळात तिच्यापुढे माणसं थबकायला लागली. बहुतेक जोडपी होती. दोघांतल्या एकाचंच नाव यादीत होतं.

ट्रॉम्ब्याहून चार म्हातारी माणसं एकत्र आली होती. त्यांची नोंदणी शेजारच्या मुलाने आपल्या फोनवरून केली होती, एकापाठोपाठ एक. यादीत होती फक्त शेवटची मनीबाई. तिच्या नवऱ्याने त्या मुलाचा फोनच बरोबर आणला होता. तो मेसेज सगळ्यांपुढे धरत होता, पण त्याला स्वतःला तो वाचता येत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. “माझं नाव होतं. पोराने वाचून दाखवलं मला,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि मुलगी म्हणत होती, काका, सिस्टिममध्ये नाही. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. सिस्टिममध्ये ते नाव खरंच नव्हतं. माझ्या कोडाने काम चोख केलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “ज्यांच्याकडे मेसेज आहे त्यांनी इकडे या. घाई नको, सगळे लिहिते.”

बाई होत्या. नोंदणी उघडल्याचा मेसेज त्यांच्या इमारतीच्या ग्रुपवर फिरला, तो वाचून आपला ‘नापास’ कोणीतरी बदलला हे त्यांना कळलं होतं. पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. बरोबर लांबट कागद आणि दोन पेनं घेऊन त्या आल्या होत्या. औषधांची एक बंद खिडकी त्यांनी उघडून घेतली आणि आत बसून एकेक नाव लिहायला लागल्या. वय विचारायच्या, उत्तर यायचं ‘असेल सत्तर-पंच्याहत्तर’, आणि त्या तसंच लिहायच्या. मग उठून डॉक्टरांशी भांडल्या. डॉक्टरांनी काही जणांना त्याच दिवशी घेतलं आणि बाकीच्यांना पुढच्या शिबिराची तारीख दिली. मनीबाईचा नवरा बाकीच्यांत गेला.

मनीबाई खिडकीशी आली. “माझं नको,” ती म्हणाली. “माझा एक डोळा चालतो. माझ्या जागेवर ह्यांना घ्या.” बाईंनी दारावरच्या मुलीकडून छापील यादी मागून घेतली, मनीबाईच्या नावावर एकच बारीक रेघ मारली, वर तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं आणि शेजारी सही केली. रेघेखाली मनीबाई स्वच्छ वाचता येत होती.

रांग ओसरल्यावर त्यांनी मला हाक मारली. “माझा पास कोणी टाकला?”

“मी,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता मालवणीत सुरू होतील. पण त्या शुद्ध, सावकाश बोलल्या. “तुला पास करायचं होतं तर करायचंस. पण नाव स्वतःचं घालायचं होतंस रे.” आणि त्या पेनाची टोपणं शोधायला लागल्या.

सोमवारी बाई आल्या नाहीत. स्नेहाच्या हाती त्यांनी ओळखपत्र परत पाठवलं. आम्ही तो दोष दीड दिवसात दुरुस्त केला. मकरंद सरांनी ‘अपयशातून शिकताना’ या विषयावर सादरीकरण केलं, त्यात खिडकीत बसलेल्या बाईंचा फोटो होता. मधलं टेबल काढून तिथे एक नवं पोतं ठेवलं गेलं. मी एकदा घाटकोपरला बाईंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, सोलकढी प्यायला थांबवून घेतलं, माझ्या आईवडिलांची चौकशी केली, दोघांची वेगवेगळी. त्या दिवसाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि माफी मागायला म्हणून गेलेला मी सोलकढीला छान म्हणून परत आलो.

ती कंपनी मी पुढे सोडली. शेवटच्या दिवशी माझे अधिकार बंद होण्याआधी मी तपासणीचा तो तक्ता उघडला. बाईंचं नाव, शुक्रवारची तारीख, पुढे ‘पास’. तो शब्द बदलायला मला एक ओळ पुरली असती, आणि कोणाला कधी कळलं नसतं. मी तो बदलला नाही. त्याखाली एक नवी नोंद घातली: ‘वरचा पास बाईंनी दिलेला नाही. त्यांनी नापास केलं होतं. पास मी केला.’ आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आडनावासकट.