भोंगेवाल्याचा मान

या गावात देवमासे दरवर्षी परततात, आणि त्यांच्या आधी मूर्खपणा येतो. पताका, बँड, कागदी शेपट्या लावून नाचणारे बाप्ये, वर अध्यक्षांचं भाषण. जणू मासे यांच्याच निमंत्रणावरून येतात! पण या सगळ्यांत शेफारलेला कोण, तर भोंगेवाला. धक्क्याच्या टोकाला मनोरा, मनोऱ्यावर भोंगा. पहिला देवमासा दिसला की याने एकदा वाजवायचा. मग बंदरातली सगळी इंजिनं बंद, मासे बिचकू नयेत म्हणून. चूक झालीच तर दोनदा वाजवून भोंगा मागे घ्यायचा. आपल्यावर तशी वेळ कधी आली नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ऐकवायचा.

बाकी जन्मभर काय दिवे लावले? बर्फाच्या कारखान्यात लाद्या ढकलल्या आणि घरी बायकोला अक्कल शिकवली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहात मीठ घातलं तरी म्हणणार, "साखरच खारट आणलीस." ऑपरेशन करून घ्या म्हणून बायको कानीकपाळी ओरडली. "म्हणजे तेवढ्यात भोंगा दुसऱ्याच्या हाती? माझी नजर घारीची आहे!" घारीची म्हणे! दारात कोण उभं आहे हे याला आवाजावरून कळायचं.

त्या सकाळी ती डबा घेऊन मनोऱ्यावर चढते न चढते तोच याने भोंगा वाजवला. "ती बघ पाठ! काळी, केवढी!" खाली टाळ्या, शिट्ट्या, बँड. इंजिनं गपगार. हा छातीवरचा बिल्ला पुढे काढून सगळीकडे हात हलवतोय. तिने समुद्राकडे पाहिलं. देवमासा कसला, उलटलेली होडी होती, आणि तिला चिकटलेला पिवळ्या सदऱ्यातला माणूस. तो सदरा तिने पहाटेच दिराला दोरीवरून काढून दिला होता.

"अहो, भावोजी आहेत ते! दोनदा वाजवा, लाँच निघू दे!"

"काहीतरीच! तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमचा सख्खा भाऊ बुडतोय!"

तो कठडा धरून डोळे बारीक करत राहिला. खात्री नव्हती, हे तोंडावर स्वच्छ दिसत होतं. पण खालून अध्यक्ष बघत होते ना! "थांब जरा," तो पुटपुटला, "पुन्हा पाठ वर येईल."

थांब म्हणे! तिने त्याला असा काही ढकलला की तो कोपऱ्यात जाऊन बसला, आणि तिने भोंग्याची दांडी दोनदा ओढली. खाली सगळे हळहळले. मासा नव्हता म्हणून हळहळले, मेले! लाँचवाल्याने तेवढी मान वर केली, तिने दाखवलं तिकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.

दीर जिवंत हाती लागला. धक्क्यावर त्याला कांबळ्यात गुंडाळून बसवलं, ओठ निळे पडलेले. भोंगेवाला जिना चाचपत उतरला तो बोलतच. "मी वाजवणारच होतो. हिने घाई केली. चारचौघांत माझी शोभा केली."

"दादा," दीर म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मी तुला हात केला. तूही केलास. मला वाटलं, दादाने पाहिलं. म्हणून मी ओरडायचं थांबलो."

भोंगेवाल्याने बायकोला सांगायला सुरुवात केली की त्यात आपली चूक कशी नव्हती. ती दिराला धरून केव्हाच दवाखान्याकडे निघाली होती. हा तिच्या रिकाम्या जागेशी बराच वेळ बोलत राहिला.