सोमवार-गुरुवारचा सराव

गेली कित्येक वर्षं मी इंदूरच्या एका शाळेत मुलींना पळायला शिकवते आहे आणि खरं सांगायचं तर थकले आहे. पळवून नाही, समजावून.

त्या वर्षी माझी सगळ्यात वेगवान मुलगी आठवीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदम ताडमाड वाढली. पाय लांब झाले, अंग भरलं, पण त्या अंगाला पुरेल एवढा जोर मांड्यांत आला नव्हता. सुटायची झकास, अर्ध्यानंतर ढेपाळायची. या वयात होतंच हे. नीट खाल्लं, व्यायाम केला की गाडी रुळावर येते. पण तिचे पप्पा बोलून बसले होते, विभागाच्या निवडीत नाव आलं नाही तर पळणं बंद, कोचिंग चालू.

मग सोमवारी आणि गुरुवारी ती जास्तच गळायला लागली. नेमके माझे जोराच्या सरावाचे वार. एकदा स्टार्टला बसली आणि पाय लटपटायला लागले. खोदून विचारलं तेव्हा कळलं, आईने मन्नत मागितली होती आणि दोघी मायलेकींनी उपास धरले होते. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर फराळी मिक्सचर, एरवीपेक्षा जास्तच पोटात जातं. पण हा कडक होता. दिवसभर फक्त दूध.

तिची आई तुकोगंजला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. तिथे जाऊन म्हटलं, "ताई, पोटात काही नसेल तर पायांत जोर कुठून येणार?"

"मॅडमजी, तुमचं बराबर आहे. पण बोललेलं मोडता येत नाही ना. आणि वजन पण वाढलंय तिचं, थोडं उतरेल."

मी कपाळाला हात लावला. देवाशी कोण भांडणार? जोराचा सराव मंगळवार-शुक्रवारी नेला. हळूहळू पोरीच्या पायांत जीव आला.

आणि निवड आली गुरुवारी.

मी सकाळी केळं पुढे केलं. ती म्हणाली, "नको मॅडम. आजच तर मोडायचा नाही." ग्लासभर दुधावर पळाली. शेवटी शेवटी तिची मान मागे गेली, खांदे वर चढले, मला बघवेना. तरी कशीबशी छाती पुढे टाकून तिसरी आली. तिघींनाच घेणार होते.

मला आनंद झाला, खूप झाला. आणि लगेच वाटलं, संपलं, आता माझं कोण ऐकणार? आई जाळीपलीकडे हात जोडून रडत होती. आमच्याच दुसऱ्या मुलींच्या आया तिला घेरून विचारत होत्या, कोणते वार, काय काय चालतं.

पुढच्या सोमवारी वॉर्म-अपमधूनच आणखी दोघी सावलीत जाऊन बसल्या. मी कारण विचारलं नाही. दूध तरी प्यायलात का गं, एवढंच विचारलं.